जुना डबा, नवा संगणक

  आजचे बोलणे थोडे अधिक शिक्षक बंधु-भगिनींसाठीच आहे.

गेल्या हिवाळ्यात एका मुख्याध्यापिका बाईंचा मला फोन आला. त्यांची शाळा आमच्या नांदेड-लातूर रस्त्यावरची. लोहा मागे टाकले, की अहमदपूरच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत जावे लागते. बाई म्हणाल्या, "सर, शाळेत नवा कॉम्प्युटर आलाय, पण बॅकअपचा जुना डबा त्याला दिसंना गेलाय. दुकानदार म्हणतो, डबा मेला, भंगारात टाका. पण आमची जुनी रजिस्टरं त्यातच हायेत. काय करावं?"

मी म्हणालो, "बाई, भंगारात टाकू नका, आणि मी येईपर्यंत त्याला कुणाचा हातही लागू देऊ नका."

आता ही जुनी रजिस्टरे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला फार समजावून सांगायला नको. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. त्या काळी शाळेचा बराचसा कारभार उर्दूत चाले आणि वर्षे फसली सनाने मोजत. फसली १३५० म्हणजे इसवी सन १९४०-४१. मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, जन्मतारीख हे सगळे प्रवेश-निर्गम रजिस्टरात लिहिलेले असे. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून या धुळीत पडलेल्या वह्यांना एकदम मोल आले. ज्या शाळेकडे वर्षात कुणी फिरकत नव्हते, तिथे लोक पणजोबाचे नाव शोधत येऊ लागले.

बाईंच्या शाळेतील एका रजिस्टराची काही पाने वाळवीने खाल्ली होती. मात्र पंधरा वर्षांपूर्वी, पाने धड होती तेव्हा, एका हौशी गुरुजींनी सुट्टीत बसून प्रत्येक पानाचे स्कॅन करून ठेवले होते. ते गुरुजी पुढे निवृत्त झाले. स्कॅन राहिले त्या डब्यात. गावातला एक शेतकरी आठ दिवसांपासून शाळेत खेटे घालत होता. त्याच्या आजोबांची नोंद नेमकी वाळवीच्या पानावर होती, आणि नातवाच्या दाखल्यासाठी त्याला ती हवी होती.

हा डबा कशाचा, ते आधी सांगतो. आपण संगणकाला जोडतो ती छोटी यूएसबीची हार्डडिस्क म्हणजे घरातली कणगी. ज्याच्या घरात ठेवली, त्याने धान्य काढावे. नेटवर्कवरचा डबा म्हणजे पूर्वी गढीजवळ असे ते सामाईक पेव. तो तारेने राउटरला जोडलेला असतो. कार्यालयातला संगणक, प्रयोगशाळेतला संगणक, बाईंचा लॅपटॉप, सगळ्यांनी त्यात आपापले ठेवावे आणि त्यातून काढावे. २०१० च्या सुमारास असे डबे बऱ्याच शाळांनी, पतसंस्थांनी आणि डॉक्टरांनी घेतले. आत एक किंवा दोन हार्डडिस्का आणि एक अगदी लहान संगणकच असतो. आणि त्या लहान संगणकाची भाषा जुनी असते. सारी गोम इथेच आहे.

आपल्या घरी जुन्या पेटीत पणजोबांच्या हातची मोडीतली पत्रे सापडतात. कागद शाबूत असतो, शाईही टवटवीत असते, पण नातवाला फक्त बाळबोध येते. म्हणून पत्र 'मेले' असे कुणी म्हणेल का? डब्याचे तसेच आहे. एका संगणकाने दुसऱ्याकडून फाइल मागायची असली, तर दोघांना येणारी एक बोली लागते. विंडोजच्या जगात तिला एसएमबी म्हणतात. तिचा जन्म १९८०च्या दशकात आयबीएम कंपनीत झाला. विंडोज व्हिस्टाबरोबर तिची दुसरी पिढी आली, २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तिसरी. जुन्या डब्यांपैकी पुष्कळांना पहिलीच पिढी येते, आणि नव्या संगणकाने पहिली पिढी मुद्दाम टाकून दिली आहे.

मुद्दाम का टाकली? कारण त्या जुन्या दाराची कडी चोराला ठाऊक झाली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची कीड जगभर पसरली. दीडशेच्या आसपास देशांतील लाखो संगणकांत ती शिरली, फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागू लागली. ब्रिटनमधील रुग्णालयांना रोगी परत पाठवावे लागले. ही कीड पहिल्या पिढीच्या एसएमबीतल्या फटीतून आत येत होती. मायक्रोसॉफ्टने त्या फटीला ठिगळ मार्चमध्येच दिले होते, पण ज्यांनी ते लावले नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम दुसऱ्या एका किडीने बंद पाडले. तिच्याही हत्यारांत हीच फट होती. त्याच वर्षीच्या शेवटापासून नव्या विंडोजमध्ये पहिली पिढी आपोआप येईनाशी झाली. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीने आणखी दोन कड्या घातल्या. समोरच्या डब्याने प्रत्येक निरोपावर सही करावी, ही एक. नाव-पासवर्ड न विचारता कुणालाही आत घेणाऱ्या डब्याशी बोलायचे नाही, ही दुसरी. सगळ्या विंडोजांत या दोन्ही कड्या सारख्या घट्ट नसतात, पण कार्यालयात असतात त्या बहुतेक संगणकांत असतात. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत दुरुस्ती थांबली, म्हणून गावोगावी नवे संगणक आले. 'डबा दिसंना' ही तक्रार आत्ताच का वाढली, ते यावरून ध्यानात येईल.

मी एसटीने गेलो. डबा कपाटावर होता, त्याच्यावर नकाशांच्या गुंडाळ्या. वीज दिली. हिरवा दिवा लागला, आणि कान लावला तर आत चकती फिरल्याचा बारीक आवाज येत होता. खटखट असा ठोका नव्हता. खटखट ऐकू आली तर मात्र तिथेच थांबावे, वीज काढावी आणि डेटा काढून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे जावे. उगीच पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये.

डबा उलटा केला, तर त्याच्या पोटाला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला. गुरुजींच्या ठसठशीत अक्षरात डब्याचा पत्ता, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड. मला त्या न पाहिलेल्या गुरुजींना नमस्कार करावासा वाटला. पासवर्ड असा उघड्यावर चिकटवू नये, असे पुस्तकात लिहिलेले असते. ते खरेही आहे. पण कुठेच लिहिला नाही आणि माणूस निवृत्त झाला, तर शाळेने काय करावे? मी म्हणतो, पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवावा.

पत्ता होता १९२.१६८.०.५०. आणि पहिला घोटाळा इथेच सापडला. शाळेने मध्यंतरी इंटरनेट बदलले होते, नवा राउटर आला होता, आणि तो सगळ्यांना १९२.१६८.१ या आळीतले घरक्रमांक देत होता. डबा आपला जुन्या शून्याच्या आळीतच बसून राहिला. एका आळीत दिलेली हाक दुसऱ्या आळीत ऐकू जात नाही. म्हणजे बोलीचा प्रश्न पुढचा, आधी गाठच पडत नव्हती.

मी काय केले, तर राउटर बाजूलाच ठेवला. एक नेटवर्कची तार घेतली, तिचे एक टोक डब्यात आणि दुसरे थेट नव्या संगणकात घातले. वायफाय बंद केले. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तात्पुरता पत्ता १९२.१६८.०.१० लिहिला, खाली सबनेट २५५.२५५.२५५.०. आता दोघे एका आळीत आले. शिवाय इंटरनेटचा संबंध तुटला, आणि पुढे जुने दार घडीभर उघडायचे असेल तेव्हा बाहेरचे कुणी आत येण्याची भीती राहिली नाही. तुमच्या लॅपटॉपला तारेचे भोक नसेल, तर यूएसबीला लावायचा लहान जोड मिळतो, तो घ्यावा.

डब्यावर पत्ता लिहिलेला नसेल, तर तो राउटरच्या पानावर, जोडलेल्या यंत्रांच्या यादीत पाहावा. मात्र एक सांगून ठेवतो. पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून 'रीसेट' करण्याचा मोह आवरा. काही डब्यांत त्याने फक्त पासवर्ड आणि पत्ता मूळपदावर जातो, काहींत बरेच काही जाऊ शकते. आपल्या डब्याची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय टाचणीला हात लावू नका.

मग फाइलींच्या खिडकीत वरच्या पट्टीवर दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे डब्याचा पत्ता लिहिला आणि एंटर दाबले. 'नेटवर्क'च्या चित्रात डबा दिसण्याची वाट पाहू नका. ती यादीसुद्धा जुन्या बोलीच्या आधारावर तयार होत असे, त्यामुळे डबा धडधाकट असूनही तिथे दिसत नाही. पत्ता लिहिताच पडद्यावर इंग्रजीत निरोप आला, की हा डबा कालबाह्य एसएमबी १ मागतो आणि ते सुरक्षित नाही. बाईंचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "बाई, ही तर आनंदाची बातमी. डब्यानं ओ दिली!"

यानंतर लगेच जुने दार उघडायचे नाही. आधी ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकून त्याचे स्वतःचे पान उघडावे. काही डब्यांना कंपनीने मागाहून नवे फर्मवेअर दिलेले असते, आणि सेटिंगमध्ये दुसरी पिढी चालू करण्याची सोय असते. ते जमले तर काम तिथेच संपले. पाहुण्यांना मोकळे दार असेल, तर तिथेच नाव-पासवर्ड ठेवून एक खाते तयार करावे; नव्या विंडोजची अर्धी कुरकुर त्याने मिटते. आमच्या डब्याला मात्र वर्षानुवर्षे काही नवे आले नव्हते. त्यात एफटीपीची सोय होती, ती चालू करून पाहिली. फायली येऊ लागल्या, पण गुरुजींनी देवनागरीत दिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटल्या. शेकडो पानांची नावे गेली, तर मागाहून कोण लावणार? म्हणून थांबलो. तुमच्या फायलींची नावे इंग्रजीत असतील, तर हा मार्ग उत्तम.

"जुना कॉम्प्युटर कुठंय?" मी विचारले. जुन्या संगणकाला जुनी बोली येते. तोच डब्याला जोडून, इंटरनेट काढून, यूएसबीच्या डिस्कवर सगळे उतरवता आले असते. बाई म्हणाल्या, "तो दिवाळीतच भंगारवाल्याला दिला की." नवा संगणक आला की जुना हलवायची आपल्याला घाई होते. डब्यातला माल निघेपर्यंत त्याला कोपऱ्यात राहू द्यावे, एवढेच माझे म्हणणे.

मग शेवटचा उपाय. विंडोजच्या शोधपट्टीवर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' लिहिले की एक यादी उघडते. तीत 'एसएमबी १.०' या ओळीशेजारचे अधिकचे चिन्ह दाबावे. आत 'क्लायंट' आणि 'सर्व्हर' अशी नावे दिसतात. खूण फक्त 'क्लायंट'वर करावी. क्लायंट म्हणजे आपण मागायला जाणारे. सर्व्हर म्हणजे आपल्या घराचे दार इतरांना उघडणे. ते आपल्याला नको. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, पत्ता लिहिला, गुरुजींचा पासवर्ड घातला. तरी सहीची कडी आडवी आली. ती तेवढ्यापुरती ढिली केली. हे काम जाणत्याकडून करून घ्यावे, आणि पुन्हा कसून लावायला त्याला तिथेच थांबवून घ्यावे.

फोल्डरे उघडली. बाई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आल्या.

उतरवताना क्रम महत्त्वाचा आहे. सहलीचे आणि स्नेहसंमेलनाचे फोटो आधी दिसतात आणि आपण तेच ओढायला घेतो. जुनी चकती केव्हा दगा देईल, सांगता येत नाही. म्हणून जे जगात दुसरीकडे कुठेच नाही ते आधी. आम्ही रजिस्टरे घेतली, मग सेवापुस्तकांच्या प्रती, मग निकाल, फोटो सर्वांत शेवटी. असले डबे धीमे असतात. सेकंदाला दहा मेगाबाइट धरले, तर शंभर गिगाबाइटला पावणेतीन तास लागतात. डबा आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवले होते, म्हणून बरे झाले; मधे एकदा लाइट गेलीच. उतरवून झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि आकार ताडून पाहिला, आणि अधूनमधून वीसेक फायली उघडून पाहिल्या. पुष्कळ फायलींच्या तारखा १९७० च्या निघाल्या. डब्यातले घड्याळ बंद पडले, की तो आपल्या आरंभापासून वर्षे मोजू लागतो. मजकुराला त्याने काही होत नाही. काम होताच एसएमबी १ ची खूण काढली आणि सहीची कडी पुन्हा लावली.

काही ठिकाणी हा मार्गही चालणार नाही. डब्याचा लहान संगणकच जळाला, तर आतली डिस्क काढून जोडावी लागते. तेव्हा सावध राहा. डब्यातल्या डिस्का बहुधा लिनक्सच्या पद्धतीने आखलेल्या असतात आणि विंडोजला ती आखणी वाचता येत नाही. ते सरळ विचारते, "डिस्क फॉरमॅट करू का?" हो म्हणालात, की मोठेच संकट ओढवले. तिथे 'नाही' म्हणून डिस्क लिनक्स असलेल्या संगणकाला, फक्त वाचण्यापुरती, जोडून घ्यावी. दोन डिस्कांचा डबा असेल, तर कोणती डावी आणि कोणती उजवी हे आधी खडूने लिहून ठेवावे.

आणि डबा पुन्हा चालू झाला म्हणून त्याला कायमचा इंटरनेटला जोडून ठेवू नका. २०२१ च्या जूनमध्ये 'माय बुक लाइव्ह' या जुन्या जातीच्या डब्यांतला डेटा जगभर अनेकांच्या घरी एकाएकी पुसला गेला. बाहेरून कुणी तरी ते डबे मूळपदावर आणले होते. त्यांना २०१५ नंतर नवी दुरुस्ती मिळालेली नव्हती. कंपनीने तेव्हा एवढेच सांगितले, की डबे इंटरनेटपासून तोडा.

एक अडचण खास आपली मराठी माणसांची. बाईंनी शाळेच्या जुन्या ठरावांची फाइल उघडली आणि म्हणाल्या, "सर, ही तर बिघडलेली दिसतीय." पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फाइल बिघडलेली नव्हती. त्या काळी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकचे फॉन्ट वापरून टंकलेखन होई. त्या फायलींत खरे तर इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नव्या संगणकात तो फॉन्ट नाही, म्हणून खिचडी. डब्यातच 'फॉन्ट' नावाचे एक फोल्डर होते. त्यातला फॉन्ट बसवला आणि ठराव मराठीत वाचता आला. पुढे अशा फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. पण डब्यातून माल काढताना फॉन्टचे फोल्डर 'हे काय कामाचं' म्हणून मागे ठेवू नका.

प्रती दोन केल्या. एक शाळेच्या कपाटात, दुसरी बाईंच्या लातूरच्या घरी. किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या माणसाला दुसरी प्रत दुसऱ्या गावी का, हे विचारावे लागत नाही. वाळवीने खाल्लेले मूळ रजिस्टरही कापडात बांधून ठेवायला सांगितले, कारण पडद्यावरचे चित्र म्हणजे मूळ नोंद नव्हे.

संध्याकाळ होत आली होती. तो शेतकरी व्हरांड्यात बसूनच होता. 'फसली १३४८' नावाच्या फोल्डरातले पान उघडले. पान अखंड होते, शाई ठळक होती, आणि सगळे उर्दूत होते. आम्हा तिघांपैकी कुणालाच वाचता येईना. बाईंनी शेजारच्या गावच्या उर्दू शाळेतल्या सरांना फोन केला. ते मोटारसायकलवर आले, चष्मा पुसला आणि ओळीवर बोट ठेवून मुलाचे नाव, बापाचे नाव, मग जातीचा रकाना सावकाश वाचत गेले. शेतकरी प्रत्येक शब्दाला "हां, हां" म्हणत होता. आजोबांचे नाव आले तेव्हा मात्र तो काही बोलला नाही.

छापून काढलेले पान त्याच्या हाती दिले. निघताना उर्दू शाळेचे सर टेबलावरच्या त्या डब्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, असलाच एक आमच्या शाळेतबी हाय. दोन वर्षं झाली, बंदच पडलाय म्हणून ठेवलाय."

मी विचारले, "दिवा लागतो का त्याचा?"

"लागतो की," ते म्हणाले.